सुटं राहिलेलं तांबं

एका राइस मिलवाल्याने एकदा आपल्या यंत्रातलं कार्ड चिंच-मीठ लावून घासून, धुऊन, उन्हात वाळवून माझ्याकडे आणलं होतं. तांबं काळं पडलं म्हणून यंत्र बंद पडलं, असा त्याचा कयास. कार्ड देवघरातल्या ताम्हनासारखं लखलखत होतं आणि त्यावरचा एकही भाग जिवंत उरला नव्हता. "इतकं चमकून राह्यलं, तरी काऊन चालत नाई?" असं तो मलाच रागाने विचारत होता. तेव्हा मी पोट धरून हसले होते. पुढे कळलं की चमकणाऱ्या तांब्यावर भरवसा ठेवण्यात मी काही त्याच्यापेक्षा शहाणी नव्हते.

अशाच गमतीजमती लिहा, असं मला या अंकासाठी सांगण्यात आलं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते आणि बाकीच्यांना पुढे सरकूच देत नाही. तेव्हा तीच सांगते.

चंद्रपुरात घराच्या मागच्या खोलीत मी पंचवीस वर्षं कार्डं बनवली. कार्ड म्हणजे रेडिओ, मोटारीचा स्टार्टर, काहीही उघडलं की आत दिसते ती पाटी. लोकांना वाटतं, आम्ही पाटीवर तांब्याच्या रेघा काढतो. खरं तर उलटं असतं. पाटी येते तीच सगळी तांब्याने मढवलेली. जेवढं तांबं राहायला हवं तेवढं झाकायचं आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायची. उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं, झाकलेलं उरतं. आम्ही ठेवणारे नव्हे, खाऊ घालणारे. ते पाणी काळ्या चहासारखं दिसतं आणि हाताला, साडीला, फरशीला लागलं की जन्माचा डाग. परसातलं माझं पेरूचं झाड त्यानेच गेलं.

फेरिक नागपूरहून एसटीने यायचं, कधी यायचं नाही, आणि वापरलेलं टाकायचं कुठे हा घोर वेगळाच. म्हणून आमच्यासारख्या लहान कारागिरांची एक रीत होती. कार्डावर जिथे मोकळी जागा असेल तिथलं तांबं खाऊ घालायचंच नाही, तसंच सोडून द्यायचं. जेवढं तांबं सुटेल तेवढं फेरिक वाचेल. शिवाय कार्ड भरलेलं दिसतं, गिऱ्हाईक खूश.

ही रीत चांगलीच आहे, पण तिला एक अट आहे. सोडलेलं तांबं ग्राउंडला जोडलेलं पाहिजे. ग्राउंड म्हणजे कार्डाचं शून्य. बाकीचे सगळे भाग त्याच्यावरून मोजून बोलतात. सोडलेलं तांबं शून्याला बांधलं की ते आडोशाचं काम करतं, बाहेरची खरखर अडवतं. पण त्यातला एखादा तुकडा सुटा राहिला, कुणालाच जोडलेला नसला, तर तो रिकामटेकड्या माणसासारखा वागतो. हवेतलं सगळं ऐकतो आणि शेजाऱ्याच्या कानात ओततो.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वडशाच्या एका नाटकमंडळीचा साउंडवाला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला होता. ऐन रडण्याच्या प्रवेशात घूं घूं आवाज येई आणि मागचे प्रेक्षक शिट्ट्या मारत. मी पाहिलं तर ग्राउंड दोन वाटांनी फिरून येत होतं. एका गावाला दोन पाटील झाले की जे होतं तेच तिथे होत होतं. मी नवीन कार्ड केलं, भरपूर तांबं सोडलं, सगळं एका जागी बांधलं. त्या हंगामात तो मुद्दाम पेढे घेऊन आला. "बाई, आता रडनं साफ आयकू येते," म्हणाला. तर सांगायचं काय, मला येत होतं.

आता काट्याची गोष्ट.

मूल रोडला रशीदभाईंचा धर्मकाटा होता. मालमोटारी तोलायच्या काट्याला आमच्याकडे सगळे धर्मकाटाच म्हणतात. धानाच्या, बांबूच्या, विटांच्या गाड्या तिथे तोलल्या जात. रशीदभाई चंद्रपूरच्या जुन्या व्यापारी घरातले, बोलायला मऊ, व्यवहाराला सरळ. त्यांच्या काट्याचं यंत्र विजेच्या दणक्याने गेलं. काट्याखाली वजन ओळखणारे पोलादी ठोकळे असतात. गाडी चढली की ते केसाएवढे दबतात आणि मुंगीच्या पावलाएवढी वीज वर पाठवतात. ती मोठी करून आकडा दाखवायचं काम कार्डाचं. कंपनीचं कार्ड यायला महिने लागणार होते, म्हणून परवान्याच्या दुरुस्तीवाल्याने ते माझ्याकडून करून घेतलं, बसवलं, आकडे जुळवले आणि सील लावलं. शून्य पक्कं, वजन पक्कं. मी त्या दिवशी फार खुशीत घरी आले.

काट्यावर बसायचे शालिक रामटेके. चाळिशीचे, अंगाने किरकोळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. गाडी पुढे घे, मागे घे हे हाताच्या एका बोटाने सांगायचे आणि पावतीवरचा आकडा असा काढायचे की छापल्यासारखा. मी त्यांना अर्थिंगचा खड्डा दाखवला. अर्थिंग वेगळं, कार्डाचं ग्राउंड वेगळं, पण अर्थिंग म्हणजे यंत्राची जमिनीशी असलेली गाठ. वीज पडली, गळती झाली तर ती जमिनीत जावी म्हणून. कोळसा-मीठ घालून पुरलेला खड्डा आमच्या उन्हाळ्यात सुकून दगड होतो. मी म्हटलं, "शालिकभाऊ, उन्हाळाभर रोज सकाळी यात दोन बादल्या पाणी टाकायचं."

"टाकतो ना, बाई. हे तं तुळशीले पाणी देल्यासारखंच झालं," ते म्हणाले. हापशी रस्त्याच्या पलीकडे होती. दोन बादल्या घेऊन रस्ता ओलांडणारे शालिकभाऊ मी जाता-येता अनेकदा पाहिले.

पाच उन्हाळे काटा बिनतक्रार चालला. मग एका मे महिन्यात रशीदभाईंचा निरोप आला, लगोलग या.

तक्रार अशी होती. धानाच्या एका व्यापाऱ्याच्या भरलेल्या गाड्या रशीदभाईंच्या काट्यावर दीड-दोन क्विंटल जास्त भरत. तोच माल, तो विकत घेणाऱ्या राइस मिलच्या काट्यावर, कमी भरे. दुसऱ्या कुणाच्या गाडीत हा फरक नाही, फक्त याच्याच. आणि दरवेळी वरच, खाली कधीच नाही. मिलवाल्यांनी उघड म्हटलं होतं की काट्यावरचा माणूस फुटला आहे.

रशीदभाई कपाळाचा घाम पुसत मला म्हणाले, "बाई, एकच बात सीधी सांगा. काटा खराब हाये का मानूस?"

शालिकभाऊ दारात उभे होते. त्यांच्यासमोरच हा प्रश्न विचारला गेला.

मी वीस-वीस किलोची पन्नास वजनं चढवून पाहिली. बरोबर एक टन. चारी कोपऱ्यांवर तेच. वजन माहीत असलेली गाडी चढवली, बरोबर. तासभर तपासलं, आकडा हलेना. मी घाम पुसत बसले तेव्हा शालिकभाऊ हळूच म्हणाले, "बाई, एक सांगू का? त्या व्यापाऱ्याचा मुनीम आला का आकडा नाचते. तो गेला का थांबते. मी सोता पाह्यलं."

मी हसले. मी म्हटलं, "माणूस पाहून आकडा नाचत नसतो, शालिकभाऊ."

रशीदभाईंनी मान खाली घातली. स्वतःवर आलं म्हणून हा मुनिमावर ढकलतो आहे, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं. मुनिमाला बोलवा, आता उभा करून पाहू, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण माझ्या कार्डात दोष असू शकतो, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. पाच वर्षं चाललेलं कार्ड.

मग मी खड्ड्याकडे गेले. झाकण काढून हात घातला तर वरची माती कोरडी. दुपारचा एक वाजला होता, चंद्रपूरचा मे महिना; त्या उन्हात ओला टॉवेल पाच मिनिटांत पापड होतो. शालिकभाऊ म्हणाले, "सकाळीच दोन बाल्ट्या टाकल्या, बाई." मला ते खरं वाटलं होतं. तरी मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं: यंत्रात दोष नाही. अर्थिंगच्या खड्ड्याची निगा काटेकोरपणे घेतलेली आढळली नाही.

दुसरं वाक्य मी कशासाठी लिहिलं, ते सांगून टाकते. माणूस खराब असं सरळ लिहायची हिंमत नव्हती. कार्ड खराब असेल असं लिहायची इच्छा नव्हती. म्हणून खड्ड्यावर ढकललं. अर्थिंग आणि ग्राउंड यांतला फरक मला कळत होता, त्या दोघांना कळत नव्हता. त्याचा मी फायदा घेतला. मनात म्हटलं, चोरीपेक्षा हलगर्जीपणा बरा, उलट मी याला वाचवतेच आहे. असलं वाचवणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

रशीदभाईंनी त्यांना चोर म्हटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांना फक्त कामावरून कमी केलं. बाजाराने मात्र एकच शब्द उचलला, आणि तो हलगर्जी हा नव्हता. जिल्ह्यातल्या कुठल्याच काट्यावर शालिक रामटेक्यांना कुणी बसवेना. पुढे ते गाव सोडून गेल्याचं ऐकलं. नव्या माणसाच्या हाताखालीही कधीमधी आकडा वर जायचा म्हणे, पण तोवर त्या व्यापाऱ्याने आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या आणि तक्रार विझली.

अडीच-तीन वर्षांनी रशीदभाईंनी कंपनीचं नवं यंत्र बसवलं. जुनं कार्ड कागदात गुंडाळून माझ्याकडे पाठवलं, आठवण म्हणून. एका सकाळी मी ते सहज टेबलावर घेतलं, वीज दिली, ठोकळ्यांऐवजी तेवढीच बारीक वीज देणारी एक जोडणी लावली. आकडा स्थिर उभा राहिला. मला भारी कौतुक वाटलं. तेवढ्यात बाजूला ठेवलेला माझा मोबाईल वाजला. नवाच घेतला होता. आकडा उडाला आणि एकशे ऐंशीने वर जाऊन थरथरत राहिला. मी फोन उचलला, "नंतर बोलते" म्हटलं, ठेवला. आकडा खाली आला.

मी उठले. मग घरातल्या फोनवरून मोबाईल लावला. पुन्हा एकशे ऐंशी. पुन्हा वरच.

त्या व्यापाऱ्याचा मुनीम मला आठवला. आमच्याकडे मोबाईल नुकतेच आले होते तेव्हा त्याच्या हातात होता. भरलेली गाडी आली की तो पावतीसाठी खिडकीशी यायचा आणि यंत्राला खेटून मोठमोठ्याने बोलत राहायचा. रिकाम्या गाडीबरोबर नुसता ड्रायव्हर. माणूस पाहून आकडा नाचत नसतो, हे माझं म्हणणं खरंच होतं. आकडा त्याच्या हातातला फोन ऐकून नाचत होता.

कपाटातून मी त्या कार्डाचं मूळ चित्र काढलं. पारदर्शक कागदावर दुप्पट मापात काळ्या चिकटपट्टीने काढलेलं, माझ्याच हातचं. वजनाची बारीक वीज जिथे आत येते त्याच्या अगदी शेजारी, बोटाच्या पेराएवढा तांब्याचा तुकडा मी फेरिक वाचवायला सोडला होता. तो ग्राउंडपासून एका रेघेने तुटलेला होता. त्यावरून तारेचा एक तुकडा टाकायचा, अशी पेन्सिलची खूणही होती. कार्डावर पाहिलं तर तिथे भोकच पाडलेलं नव्हतं. खूण केली आणि विसरले. एक इंच तार.

मी भोक पाडलं, तार सोल्डर केली, फोन लावला. आकडा हलला नाही. पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्याच दिवशी मी रशीदभाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुनाह माझा बी हाये, बाई. पन कागद तुमचा होता. शालिक आलापल्लीले साळ्याकडे राह्यते, सायकलचं दुकान टाकलं म्हने. तुमीच जा."

मी गेले, पण दीड वर्षाने. आज काम आहे, उद्या पाऊस आहे, परवा तब्येत बरी नाही. आलापल्लीची एसटी रोज सुटत होती आणि मी रोज काहीतरी कारण शोधत होते. या दीड वर्षाची लाज मला त्या तारेच्या तुकड्यापेक्षा जास्त वाटते. तार विसरले होते, हे तर जाणूनबुजून.

शेवटी एका डिसेंबरात गेले. रस्ताभर दोन्ही बाजूंनी साग, वाळकी पानं डांबरावर खडखडत होती. दुकान स्टँडजवळच सापडलं. टायर टांगलेली टपरी, मागे घर, पुढे विजेचा खांब. शालिकभाऊ चाकाचे आरे ओढत बसले होते. केस पांढरे, बोटं काळी. खिशाला पेन नव्हतं. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि ओळखताच ते उठून उभे राहिले.

"या बाई, या. पंचफुला, पानी आन वं. काट्यावाल्या बाई आल्या."

त्यांच्या बायकोने स्टीलच्या गडव्यातून पाणी आणलं आणि बाजेजवळ उभी राहिली. मी कसं सुरू करावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात शालिकभाऊच बोलायला लागले.

"बाई, तुमी आल्या ते बरं झालं. मले तुमाले सांगाचंच होतं. त्या दिवशी मी तुमाले म्हनलं का पानी टाकलं म्हनून. ते खरं होतं. पन त्याच्या आदल्या दिवशी नवतं टाकलं. पोरीले ताप होता, मी उशिरा गेलो, अन् राह्यलंच. तुमी आल्या तं ते सांगाची हिंमत नाई झाली. त्याच्यानंच आकडा बिघडला. तुमी लिवलं ते बराबरच लिवलं."

मी गडवा खाली ठेवला. साडेचार वर्षं या माणसाने माझं वाक्य खरं मानलं होतं. चुकलं कुठे ते शोधता शोधता त्यांना तो एक दिवस सापडला होता आणि त्याच्यावर त्यांनी सगळं घेतलं होतं.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "आता काय सांगू, बाई. इथी आल्यापासून हा मानूस रोज सकाळी या खंब्याच्या बुडाशी दोन बाल्ट्या पानी टाकते. पावसाळ्यात बी. लोक हासतेत."

कबूल करते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की आता काही बोलायची गरज नाही. त्यांनीच मला मोकळं केलं होतं. चहा घ्यायचा, सायकलच्या दुकानाचं कौतुक करायचं, दोनची गाडी पकडायची. माझ्या पिशवीतलं कार्ड पिशवीत राहिलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं. मी चहा घेतला सुद्धा. मग खांबाखालच्या ओल्या मातीकडे माझं लक्ष गेलं आणि मी पिशवी उघडली.

मी त्यांना तुकडा दाखवला, तार दाखवली, मुनिमाचा फोन सांगितला. ते काट्यावर इतकी वर्षं बसलेले. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तार बोटाने चाचपत ते म्हणाले, "म्हंजे तो आला का आकडा नाचे, हे खरं होतं?"

"खरं होतं."

"अन् पान्याचा काईच संबंध नवता?"

"नव्हता."

त्यांनी कार्ड बाजेवर ठेवलं. पंचफुलाबाई पदराने तोंड दाबून आत गेल्या. मी रडत होते, आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

"तवाच तुमाले सांगतलं होतं, बाई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमी हासल्या."

मी म्हटलं, "हो."

"कागदावर लिवून द्या मंग. तवा बी कागदावरच देलं होतं."

लेटरहेड मी बरोबर आणलंच होतं. बाजेवर बसून लिहिलं: काट्याच्या चुकीच्या आकड्यांचा दोष मी बनवलेल्या कार्डात होता. शालिक रामटेके यांचा त्यात काहीही दोष नव्हता. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, दोनदा वाचला आणि परत माझ्यापुढे धरला.

"याच्यात पान्याचं नाई. मागच्या कागदात होतं."

मी खाली लिहिलं: शालिक रामटेके उन्हाळाभर रोज सकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकत असत.

त्यांनी 'रोज' या शब्दाखाली काळं बोट ठेवलं. बोटाचा ठसा कागदावर उमटला.

"रोज नाई, बाई. एक दिवस नवतं टाकलं. ते बी लिवा."

"आता कायले जी?" आतून पंचफुलाबाई म्हणाल्या. "आता तं बाईच म्हनते का पान्याचा संबंध नाई."

"संबंध नसो. पन नवतं टाकलं."

मी लिहिलं: एक दिवस टाकलं नाही, त्या दिवशी त्यांच्या मुलीला ताप होता. त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला, सगळा मोठ्याने वाचला, बायकोला ऐकू जाईल असा. मग माझ्यासमोर बाजेवर ठेवला.

"आता बराबर हाये," शालिकभाऊ म्हणाले. "आता करा सई."